फोन न ठेवणाऱ्या मावशी

मावशींशी माझं पहिलं बोलणं झालं तेव्हा त्यांनी मला चोर ठरवलं होतं. नाशिक रोडला मी खोली शोधत होते. जेल रोडच्या एका गल्लीत, गेटला सुतळीने बांधलेल्या पाटीवर ‘वरची खोली भाड्याने देणे आहे’ एवढंच लिहिलेलं आणि खाली नंबर. मी तिथूनच फोन लावला, नाव सांगितलं, सिन्नरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते म्हणून सांगितलं. पलीकडून संथ, स्वच्छ आवाज आला, “बरं. तुम्ही ठेवा, मी लावते.” मी ठेवला. अर्धा तास गेटसमोर उभी राहिले, फोन काही आला नाही. आला तो आमच्या साहेबांचा. कोण बाई आहेत, म्हणाले, कारखान्याच्या नंबरवर फोन करून विचारत होत्या, की अशा नावाची मुलगी तुमच्याकडे खरंच कामाला आहे का, आणि असली तर तिचा आवाज जरा बसका आहे का. माझा आवाज बसका आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या घरात मी चार वर्षं काढली. मावशी सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घालणाऱ्या. उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून घालवली होती. लोक ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट बघायचे, त्या काळापासूनची नोकरी. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी फोन वाजला की त्या पदर सावरून खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर जाऊन बसायच्या. पाठ ताठ, पाय जुळवलेले, आणि मगच उचलायच्या. मोबाइल घेऊन घरभर फिरत बोलणाऱ्यांचा त्यांना राग होता. चालता चालता बोलणाऱ्याचं अर्धं चित्त चपलेत असतं, असं त्यांचं म्हणणं. मी जिन्यावरून बोलत उतरले की खालून आवाज यायचा, “आधी उतर, मग बोल.”

‘तुम्ही ठेवा, मी लावते’ हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. बँकेच्या माणसाला, गॅसवाल्याला, बंगळुरूच्या भाच्याला, सगळ्यांना एकच न्याय. समोरचा फोन ठेवायचा, मग त्या कपाटातून निळी वही काढायच्या, त्यातला नंबर बघायच्या आणि आपण लावायच्या. वहीत नंबर नसेल तर तो माणूस नाहीच. भाचा वैतागायचा. माझ्या आईने एकदा मी फोन उचलत नाही म्हणून काळजीने मावशींना फोन केला, तर तिलाही हेच ऐकावं लागलं. आई मला म्हणाली, तुझी मालकीण भलतीच मानी दिसते. मी मावशींना तसं सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आलेल्या फोनवर माणूस कोण हे तो सांगतो. लावलेल्या फोनवर आपल्याला माहीत असतं.

त्यांचा कान हा एक स्वतंत्र विषय होता. त्या माणसाचं बोलणं कमी आणि त्याच्या मागचं जास्त ऐकायच्या. एकदा कुणीतरी ‘तुमच्या बँकेचा मॅनेजर’ बोलत होता, खातं बंद पडेल म्हणत होता. मावशींनी ते सगळं शांतपणे ऐकलं. नंतर मला म्हणाल्या, मागे पंधरा-वीस जण एका सुरात बोलत होते, आणि म्हणे मॅनेजरची केबिन. मॅनेजरच्या केबिनमध्ये पंख्याची घरघर आणि चहाच्या कपाचा आवाज, बाकी काही नसतं. आज रात्री तुमची वीज तोडणार म्हणून कुणी धमकावलं की त्या विचारायच्या, एवढी घाई का. त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “आमच्याकडे अर्जंट कॉलला दुप्पट पैसे पडायचे. ज्याला खरी घाई, तो दुप्पट मोजायचा. फुकटात घाई करतो तो चोर.”

त्यामुळे गल्ली आपापले फोन घेऊन त्यांच्या ओट्यावर यायची. लग्नपत्रिका म्हणून फोनवर आलेली फाइल उघडू का, पार्सल अडकलंय म्हणतात ते खरं का, स्वस्तात येवल्याची पैठणी म्हणून जाहिरात आलीय, मागवू का. पैठणी मागवायची असेल तर यष्टीत बसून येवल्याला जा, पदर उलटा करून बघ, असं उत्तर मिळायचं. मीही त्यातलीच. जुना कूलर विकायला काढला होता. एकाने न बघताच पसंत केला आणि पैसे घेण्यासाठी हा कोड स्कॅन करा म्हणाला. मी अंगठा टेकवायच्या बेतात होते. मावशींनी विचारलं, दूधवाला तुला पैसे परत देतो तेव्हा तुझ्या पाकिटाची चेन तो उघडतो का? मी फोन खाली ठेवला. एम.एस्सी. झालेली बाई मी, दोन दिवस त्यांच्या समोरून जाताना मान खाली घालून जात होते.

ठकांशी त्या तुसडेपणाने बोलत नसत, हे मला फार चमत्कारिक वाटे. एकदा भर दुपारी एक पोरगा त्यांना लॉटरी लागल्याचं सांगत होता. त्याचं सगळं ऐकून झाल्यावर मावशींनी त्याला विचारलं, जेवलास का. तो हळूच नाही म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पुढे दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तो पण कुणाच्या तरी हाताखाली असेल, एवढंच म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला.

आणि एक. मावशी स्वतःहून फोन कधी ठेवत नसत. समोरच्याने ठेवेपर्यंत थांबायचं, मग तो कोणी का असेना. कर्ज घ्या म्हणणाऱ्या एका मुलीलाही सवय नसावी ठेवायची, दोघी तासभर एकमेकींना धरून बसल्या आणि इकडे दूध उतू गेलं. याचं कारण मला खूप उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या एका जिल्ह्यात असताना, एक म्हातारा लांबच्या मुलाशी बोलत होता. तीन मिनिटं झाली. मावशींनी नियमाप्रमाणे बोर्डातली जोडणीची दोरी ओढून लाइन तोडली. म्हातारा मुलाला, त्याच्या आईला कुठल्या दवाखान्यात ठेवलंय ते सांगायलाच आला होता आणि तेवढंच राहिलं होतं. लाइन पुन्हा मिळेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि मुलगा पोचला तेव्हा आई नव्हती. त्यांना कुणी बोललं नाही, सगळं नियमातच होतं. पण पार्टी, म्हणजे फोनवरचं माणूस, बोलत असताना आपल्या हाताने लाइन तोडायची नाही, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं आणि पुढची पन्नास वर्षं पाळलं.

घरात अजून एक जण होत्या. त्यांची धाकटी बहीण, आमच्या धाकट्या मावशी. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नाही. गल्लीतल्या साड्यांना फॉल लावायच्या, आणि टाके असे की उलट बाजूने शोधूनही सापडू नयेत. दोघी बहिणींची हातवाऱ्यांची एक घरगुती भाषा होती. त्यात मला नाव होतं: चिमूट धरून नाकाशी न्यायची आणि तोंड वाकडं करायचं, कारण माझ्या कपड्यांना लॅबचा वास यायचा. मावशींना तरुणपणी स्थळं आली होती. प्रत्येक ठिकाणी त्या बहिणीचं काय ते आधी विचारायच्या आणि बोलणं तिथेच थांबायचं. पुढे त्यांनी स्थळं बघणंच बंद केलं. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतला मोठा भाग त्यांनी दोघींच्या नावाने ठेवीत टाकला होता. माझ्यामागे हिला कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढा एकच हिशेब त्यात होता.

मी राहायला आल्यापासूनच्या तिसऱ्या वर्षी, डिसेंबरातली गोष्ट. माझी सुट्टी होती. दुपारी तीनच्या सुमारास दारात धाकट्या मावशी उभ्या. गुडघ्यांमुळे त्या जिना कधी चढत नसत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढतच खाली नेलं.

मावशी स्टुलावर ताठ बसल्या होत्या, पण चेहरा ओळखू येऊ नये असा झाला होता. समोर खिडकीच्या गजाला टेकवून फोन उभा केलेला. त्यात पोलिसाच्या गणवेशातला एक माणूस. मावशींच्या मांडीवर ठेवीची पावती उलटी करून ठेवलेली, मागे त्यांची सही झालेली, बहिणीच्या सहीची जागा मोकळी. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या माणसाने हिंदीत विचारलं, खोलीत कोण आलंय.

हा खोट्या पोलिसाचा प्रकार काय असतो हे मला माहीत होतं. पेपरात वाचलं होतं, खुद्द मावशींकडूनच ऐकलं होतं. तरी तो गणवेश बघून मी घाबरले. हे लिहायला लाज वाटते, पण मी मागे सरकले, त्या पडद्यात दिसू नये म्हणून भिंतीला चिकटले. मीही नोकरी करणारी बाई, माझं नाव यात कशाला, असा विचार माझ्या मनात खरोखर येऊन गेला.

धाकट्या मावशी पुढे झाल्या. त्यांनी फोन उचलला, त्या माणसाकडे नीट पाहिलं. त्यांच्या लेखी तो नुसतं तोंड हलवणारा एक माणूस होता. मग त्यांनी लाल खुणेवर बोट दाबलं.

“अगं, लाइन तोडलीस,” मावशी म्हणाल्या. बहिणीला ऐकू येत नाही हे त्या क्षणी त्या विसरल्या होत्या.

फोन लगेच पुन्हा आला, पुन्हा पुन्हा येत राहिला. धाकट्या मावशी तो मांडीखाली घालून बसल्या. वाजलेला त्यांना कळत नव्हता पण थरथर कळत होती, आणि दर वेळी त्या माझ्याकडे बघून मान हलवायच्या, आला म्हणून.

काय झालं होतं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळी दहाला फोन आला होता, टेलिफोन खात्यातून बोलतो म्हणून. त्यांच्याच खात्यातून. अत्यंत अदबशीर माणूस, मागे चिटपाखराचा आवाज नाही. गोंगाट म्हणजे चोर हे त्यांनी आम्हाला शिकवलं होतं, म्हणून ती शांतता त्यांना खरी वाटली. तुमच्या नावावर घेतलेल्या एका नंबरवरून बायकांना घाणेरडे फोन गेलेत, असं तो म्हणाला. दुसरा काही आरोप केला असता तर मावशी हसल्या असत्या. हा त्यांना लागला. मग त्याने ‘लाइन जोडून देतो’ म्हणत पोलीस म्हणवणाऱ्या त्या माणसाला पुढे केलं.

“मी म्हटलं त्याला, तुम्ही ठेवा, मी लावते,” मावशींनी मला सांगितलं. “तर म्हणाला, मी नाही ठेवणार मॅडम. तुम्हाला ठेवायचा तर तुम्ही ठेवा. मला ठेवता आला नाही गं.”

पाच तास त्या स्टुलावर बसून होत्या. पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. पेन्शनच्या खात्यात होतं ते भाच्याने फोनवर घालून दिलेल्या ॲपवरून ‘तपासणीसाठी’ गेलं होतं. मग ठेवीची पाळी आली. फोन चालू ठेवूनच बँकेत जायचं होतं आणि त्याआधी पावतीवर बहिणीची सही हवी होती. धाकट्या मावशींनी मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. मावशींनी तीन वेळा पेन पुढे केलं. चौथ्या वेळी त्यांनी बहिणीवर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. तो खाली आला नाही, पण तो उगारलेला पाहूनच धाकट्या मावशी जिना चढून माझ्याकडे आल्या होत्या.

फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला मी फोन लावला, मग आम्ही तिघी रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो. मावशींनी सगळं वेळेनुसार सांगितलं, एखादी नोंद वाचून दाखवावी तसं. गेलेल्यातलं थोडं मध्येच कुठल्याशा खात्यात अडवलं गेलं आणि काही महिन्यांनी परत आलं. बरंच गेलं ते गेलंच. ठेव वाचली.

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं, गल्लीत कळू द्यायचं नाही. मी दिलं, पण मला ते पटलं नव्हतं. लोक पूर्वीसारखे फोन घेऊन ओट्यावर यायचे आणि मावशी डोळे दुखतात म्हणून आत जायच्या. निळी वही कपाटाबाहेर निघेना. एकदा मी तडकले. तुम्ही काय चोरी केलीय का, म्हटलं, चोर तो आहे.

त्या म्हणाल्या, “लोक मला विचारतात म्हणून वाचतात. मीच बुडाले हे कळलं तर विचारायचे थांबतील. मग मी कोण राहिले?”

मी वर निघून आले.

संक्रांतीनंतर मावशी दरवर्षी हळदीकुंकू करायच्या. लग्न न झालेल्या बाईने हळदीकुंकू करायचं आणि त्यात विधवांनाही बोलवायचं, याबद्दल सुरुवातीला गल्लीत नाकं मुरडली गेली होती म्हणतात. पण मावशींच्या हातचा तिळगूळ खुसखुशीत असायचा, त्यामुळे सगळ्या यायच्या. त्या वर्षी त्या करणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी केलं. पुढची खोली बायकांनी भरून गेली.

त्या गर्दीत धाकट्या मावशींना हुरूप आला. महिनाभर त्या भेटेल त्याला ती गोष्ट हातवाऱ्यांनी सांगतच होत्या, कुणाला कळत नव्हती एवढंच. आताही त्यांनी सुरू केली. स्टूल दाखवलं, पाठ ताठ केली, डोळे मोठे करून घाबरलेला चेहरा केला, मिशांवर बोट फिरवलं, रिकाम्या मुठी उघडून दाखवल्या, हात उगारला. मग हवेतल्या फोनवर तोऱ्यात बोट दाबलं. बायका हसायला लागल्या. कुणी म्हणाली फोन बिघडला, कुणी म्हणाली भाच्याचं लग्न ठरलं. शेवटी एकीने मावशींना विचारलं, काय म्हणतात हो त्या, सांगा की.

मावशींच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी सहज काहीतरी दुसरं सांगितलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, सांगणारीलासुद्धा नाही. पण बहिणीचं म्हणणं लोकांपर्यंत पोचवण्याचं काम त्या लहानपणापासून करत होत्या, आणि दुसऱ्याचा निरोप बदलून सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तबक खाली ठेवलं.

“ती म्हणतेय, माझ्या ताईला एका भामट्याने पाच तास या स्टुलावर बसवून ठेवलं. ताई घाबरली. ताईचे पैसे गेले. ताईने माझ्यावर हात उगारला. मग मी तो फोन बंद केला.”

खोलीतलं हसणं थांबलं. मावशी तिथेच उभ्या राहिल्या. पुढे आपणहून म्हणाल्या, मी आयुष्यभर माणसं आवाजावरून ओळखली, हिला आवाज कळतच नाही, हिने माझं तोंड पाहिलं. तुमच्या घरात कुणी फोन धरून असं तोंड करून बसलेलं दिसलं, तर ऐकत बसू नका, फोन काढून घ्या. म्हातारी ओरडली तरी घ्या.

दाराजवळून आवाज आला. गल्लीच्या तोंडाशी पोळी-भाजीचे डबे करून देणारी, मूळची सिन्नरकडची एक बाई होती, ती डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून म्हणाली, “माझे बी गेले, मावशी. डब्याची ऑर्डर म्हणून फोन आला व्हता. मालकाला अजून सांगितलं नाय.”

मावशींनी किती गेले हे विचारलं नाही. कधी, एवढंच विचारलं.

“परवा.”

“मग ऊठ,” मावशी म्हणाल्या. त्यांनी चपला घातल्या, त्या बाईचा हात धरला आणि रेशमी साडीतच पोलीस ठाण्याच्या वाटेला लागल्या. हळदीकुंकू अर्ध्यावर राहिलं.

धाकट्या मावशींनी माझ्याकडे बघून त्या बाईच्या दिशेने बोट केलं, फोन कानाला लावल्याची खूण केली आणि भुवया उंचावल्या. हिलाही? मी मान हलवली. त्यांनी तबक उचललं आणि एकेकीला कुंकू लावत निघाल्या, पण आता प्रत्येकीच्या तोंडाकडे नीट बघून. खिडकीजवळ बसलेल्या, गल्लीतल्याच एका घरच्या सुनेपाशी त्या थांबल्या. बोट कुंकवात होतं, ते तसंच राहिलं. त्या मुलीने मान खाली घातली. मी उठले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.